घरचा संगणक : बियाणे वेगळ्या गाडग्यात



२०२३ चा मे महिना. लग्नसराईचे दिवस. शहापुरातल्या आमच्या ओळखीच्या एका घरातून सकाळी साडेसातलाच फोन आला. "काकू, जरा येऊन जाता काय? कंप्युटरमधलं काहीच उघडेना झालंय." घरातला थोरला नातू बोलत होता आणि आवाज रडवेला झाला होता.

जाऊन पाहिले तर संगणक सुरू होता. पडद्यावर नेहमीचे गणपतीचे चित्रही होते. पण प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी इंग्रजी अक्षरे चिकटलेली. फोटो, पत्रे, हिशोब, गाणी, काही म्हणजे काही उघडत नव्हते. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी मात्र न चुकता ठेवलेली. तुमच्या फाइलींना आम्ही कुलूप लावले आहे, किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर भरा, ७२ तासांच्या आत संपर्क केलात तर निम्म्यात, ४९० डॉलरला देऊ, असा तिच्यातला मजकूर. चोराने चोरी करून वर सवलतीची जाहिरात लावावी, तसला प्रकार!

झाले होते ते असे. घरात धाकट्या काकाचे लग्न. नवरी धारवाडची, म्हणून पत्रिका एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये छापायची. नातवाला हौस, की पत्रिका आपण घरीच मांडायची. त्यासाठी लागणारा प्रोग्राम विकतचा. तो "फुकटात" देणारे एक ठिकाण त्याने रात्री इंटरनेटवर शोधून काढले. सोबत सूचना होती : बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. त्याने बंद केला. प्रोग्राम काही चालला नाही. कंटाळून तो झोपायला गेला आणि संगणक तसाच चालू राहिला.

नुकसान पत्रिकेचे नव्हते. ती बाजारातून छापून मिळालीच असती. आजोबा खुर्चीत गप्प बसले होते, ते दुसऱ्याच कारणाने. त्यांच्या आईचे माहेर बैलहोंगलकडचे. ती जात्यावर बसली की कन्नडमधली बीसो पदे म्हणायची आणि सासरी शिकलेल्या मराठी ओव्याही. ऐंशीच्या दशकात कोणीतरी टेपरेकॉर्डर पुढे ठेवून चार कॅसेटी भरून घेतल्या होत्या. २००९ साली थोरल्या मुलाने त्या संगणकात उतरवल्या. कॅसेटींना पुढे बुरशी आली. "आता टेप कोण लावतंय," म्हणून त्या टाकूनही दिल्या. म्हणजे त्या माउलीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता आणि त्या जागेला आता परक्याचे कुलूप होते.

लग्नासाठी आलेल्या विहीणबाई दारातूनच बघत होत्या. त्यांनी विचारले, "हुळ बिद्दैतेनु?" कीड पडली काय, असे. मी मान डोलावली. मग त्या सहज बोलून गेल्या, "बित्तो बीज ब्यारे इट्टिद्दिल्लेनु?" पेरायचे बियाणे वेगळे ठेवले नव्हते काय?

या प्रश्नाला त्या घरात कोणाकडेच उत्तर नव्हते. आपल्यापैकी किती घरांत असेल, हे ज्याने त्याने आज तपासून पाहावे, म्हणून हा लेख.

कीड येते कुठून?

संगणकाचा विषाणू म्हणजे हवेतून येणारा रोग नव्हे. तो माणसाने लिहिलेला प्रोग्रामच असतो. फरक एवढाच, की तो आपल्याला न विचारता चालतो आणि बहुतेक वेळा स्वतःच्या प्रती काढून पसरतो. पीसीवरचा पहिला गाजलेला विषाणू 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीवरून फिरे. त्या काळी असल्या उद्योगांत खोडी आणि प्रौढी मिरवणे जास्त होते.

विषाणूंमागे धावणारी माणसेही मग उभी राहिली, त्यांत आपल्याकडचीही होती. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव दिसू लागला, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात तो काढणारा प्रोग्राम लिहिला. 'क्विक हील' हे नाव त्यातूनच घरोघरी गेले.

आज खोडीचे दिवस संपले आहेत. आता हा धंदा आहे. कुठे बँकेचा पासवर्ड चोरायचा, कुठे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागायची. या खंडणीखोर जातीला रॅन्समवेअर म्हणतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातले लाखो संगणक अडवले, इंग्लंडमधल्या इस्पितळांचेसुद्धा. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्याकडे त्या फटीतून त्याला शिरता आले नाही. "अपडेट नंतर करू" म्हणणाऱ्यांचे काय झाले, ते सांगायला नकोच.

आपल्या घरांत कीड शिरते ती मात्र फार साध्या दारांनी.

पहिले दार म्हणजे पेन ड्राइव्ह. शेताचा उतारा काढायचा, मुलाच्या अर्जाची प्रिंट घ्यायची, म्हणून आपण पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो. दिवसाला शंभर पेन ड्राइव्ह त्या एकाच संगणकाला लागतात. घरी येऊन पाहावे तर सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. अशा वेळी घाबरू नका आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका. बहुतेक वेळा फाइली पुसलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात. आधी पेन ड्राइव्हवर उजवे बटण दाबून तो अँटिव्हायरसकडून तपासून घ्या. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण करा. लपलेले सामान पुष्कळदा दिसू लागते. त्याहून सोपा उपाय म्हणजे दुकानासाठी एक लहान पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवायचा. त्यात फक्त छापायच्या फाइलची प्रत न्यायची आणि घरी आल्यावर तो कोरा करून टाकायचा. बाहेरची चप्पल बाहेर, तसे.

दुसरे दार म्हणजे फुकटची हाव. विकतच्या प्रोग्रामचे कुलूप तोडून देणाऱ्या ज्या फाइली फिरतात, त्यांना 'क्रॅक' म्हणतात. खंडणीखोरांची आवडती वाहने हीच. शहापुरातल्या चिठ्ठीतला ९८० आणि ४९० डॉलरचा हिशोब 'स्टॉप' नावाच्या कुळाचा नेहमीचा आहे. २०१८ पासून ते पसरले, ते मुख्यतः असल्या क्रॅकच्या पोटात बसून. "अँटिव्हायरस बंद करा" असे जो सांगतो, तो "राखणदाराला झोपवा" असेच सांगत असतो. हे वाक्य जिथे दिसेल तिथून उठून यावे.

आपल्या दुभाषी घरांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. मराठी आणि कन्नड लिहिण्यासाठी काहीही उतरवून घेण्याची गरज आता उरलेली नाही. विंडोजमध्ये २०१९ पासून दोन्ही भाषांचे उच्चारानुसार टाइप करायचे कीबोर्ड आहेत. सेटिंग्जमध्ये 'लँग्वेज' उघडून मराठी आणि कन्नड जोडा. 'नमस्कार' आणि 'नमस्कार री' दोन्ही इंग्रजी अक्षरे दाबून लिहिता येतील. जुन्या कागदपत्रांसाठी 'नुडी' लागलेच, तर ते कन्नड गणक परिषदेच्या अधिकृत जागेवरूनच घ्यावे. ते फुकटच मिळते, मग आडवाटेला कशाला जायचे?

तिसरे दार म्हणजे टपाल. 'पत्रिका.पीडीएफ' असे नाव दिसते, पण खरी फाइल 'पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' असते. शेवटचे शेपूट विंडोज आपण होऊन लपवते, त्यामुळे प्रोग्राम हा कागद वाटतो. त्याच 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली की सगळी शेपटे दिसतात. हे काम आजच करा. अर्ध्या मिनिटाचे आहे.

चौथे दार फोनचे. पडद्यावर एकदम लाल पाटी येते, भोंगा वाजतो, "तुमच्या संगणकात विषाणू आहे, या नंबरवर फोन करा." मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून ब्राउझर बंद करावा. फोन केलात तर पलीकडचा गोड बोलून तुमचा संगणक लांबून हातात घेईल आणि पाठोपाठ बँकेचे खातेही.

राखणदार किती हवेत?

"काकू, कोणता अँटिव्हायरस घेऊ?" हा प्रश्न मला बाजारातही विचारला जातो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच दिलेला असतो, नाव डिफेंडर. साध्या घरगुती वापराला तो पुरतो. विकतचा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण एकच घ्या. दोन अँटिव्हायरस एकदम चालवले तर ते एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक बैलगाडीच्या चालीने चालतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

डिफेंडर वापरत असाल तर त्यातली दोन सोयी माहीत असू द्या. 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' नावाचे बटण असते. ते बहुधा बंद असते. सुरू केले की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोटोंच्या आणि कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये बदल करता येत नाही. कधी एखाद्या भल्या प्रोग्रामलाही ते अडवते, तेव्हा त्याला नावानिशी परवानगी द्यावी लागते. एवढा त्रास सोसावा. दुसरी सोय 'ऑफलाइन स्कॅन'ची. यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज उठण्याआधीच तपासणी होते. आत दबा धरून बसलेली चिवट कीड अशी सापडते. साधारण पंधरा मिनिटे लागतात.

राखणदाराला रोजचा शिधाही लागतो, तो म्हणजे अपडेट. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली होती. तुमच्या घरचा संगणक अजून विंडोज १० वर असेल, तर त्यावर बँकेचे व्यवहार करणे टाळा आणि तो विंडोज ११ वर जाऊ शकतो का, हे जाणकाराकडून पाहून घ्या.

किल्ल्यांचा जुडगा

नवा संगणक आला की आपण एकच खाते उघडतो आणि घरातले सगळे तेच वापरतात. हे खाते असते 'अॅडमिनिस्ट्रेटर', म्हणजे घरधन्याचे. त्याला काहीही बसवता येते, काहीही काढता येते. सगळ्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून कोणी शनिवारच्या बाजाराला जात नाही. इंटरनेटवर मात्र आपण रोज तसेच फिरतो.

सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून एक नवे खाते करा, त्याला अॅडमिनिस्ट्रेटर बनवा, चांगला पासवर्ड द्या आणि तो वहीत लिहून कपाटात ठेवा. मग रोजचे खाते 'स्टँडर्ड' करून टाका. मुलांना वेगळे स्टँडर्ड खाते द्या. आता काहीही बसवायचे झाले की संगणक आधी घरधन्याचा पासवर्ड मागेल. रात्री अकराला नातवाला आजोबांना उठवावे लागले असते, तर निदान "कशासाठी रे?" एवढा प्रश्न तरी झाला असता.

अर्थात यालाही मर्यादा आहे. स्टँडर्ड खात्यात शिरलेला विषाणू विंडोजची मोडतोड सहसा करू शकत नाही, पण त्याच खात्यातले फोटो बिघडवू शकतो. त्यासाठी वेगळे गाडगेच हवे. त्याकडे येतेच.

हात घालण्याआधी परतीची वाट

प्रत्येक बिघाड विषाणूनेच होतो असे नाही. अर्धे बिघाड आपण स्वतः करतो. संगणक हळू झाला म्हणून कोणी 'रजिस्ट्री क्लीनर' बसवतो, आवाज येईना म्हणून कोणी 'ड्रायव्हर अपडेटर' आणतो, जागा हवी म्हणून कोणी माहीत नसलेले फोल्डर पुसतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची कीर्द-खतावणी. तिच्यातली पाने फाडून दुकान जलद चालत नाही.

बदल करूच नये, असे मी म्हणत नाही. करण्याआधी परतीची वाट मात्र आखून ठेवावी. विंडोजमध्ये तशी सोय २००० सालापासून आहे, तिचे नाव 'सिस्टिम रिस्टोअर'. आजच्या पुष्कळ संगणकांवर ती बंद असते, म्हणून आधी पाहून घ्यावे. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असे टाइप करा. जी खिडकी उघडेल तिच्यात सी ड्राइव्ह निवडा, 'कॉन्फिगर' दाबून संरक्षण सुरू करा, मग 'क्रिएट' दाबा आणि त्या क्षणाला नाव द्या, उदाहरणार्थ 'प्रिंटर जोडण्याआधी'. बदल अंगाशी आला की त्याच खिडकीतून मागच्या क्षणाला परत जाता येते.

पण नीट ऐका, कारण इथे पुष्कळ जण फसतात. सिस्टिम रिस्टोअर विंडोजची घडी परत बसवते, तुमचे फोटो परत आणत नाही. पुसलेली ओवी त्यातून मिळणार नाही. शिवाय खंडणीखोर विषाणू शिरल्याबरोबर या परतीच्या खुणाच आधी पुसून टाकतात.

आणखी काही घरगुती नियम. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस बघावे. काय बदलले ते तारखेसह वहीत लिहावे. पुढे दुरुस्तीला येणाऱ्याचे निम्मे काम त्या वहीने होते. अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नये. आपल्याकडचा वळीव सांगून येत नाही, म्हणून आभाळ भरून आले असेल तर मोठे अपडेट लावूच नये किंवा यूपीएस असावा.

विंडोजची 'प्रो' आवृत्ती असेल तर तिच्यात 'सँडबॉक्स' नावाची सोय चालू करता येते. संगणकाच्या आत एक कोरा संगणक उघडतो. शंकास्पद प्रोग्राम त्यात चालवून पाहायचा, खिडकी बंद केली की सगळे नाहीसे. सायबर कॅफेत 'डीप फ्रीज' वापरत, त्याच जातीचा हा प्रकार. तिथे दिवसभर पोरांनी काहीही घोळ घातला, तरी संगणक पुन्हा सुरू केला की पहिल्यासारखा! 'होम' आवृत्तीत सँडबॉक्स मिळत नाही. तिथे शंका आली की न बसवणे हाच उपाय.

बदलाचा धोका मोठमोठ्यांनाही चुकत नाही. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या देशात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विषाणू नव्हता, चोर नव्हता. राखणदाराचाच पाय घसरला होता. म्हणून अपडेट बंद करायचे काय? मुळीच नाही. वॉनाक्रायची गोष्ट विसरू नका. अपडेट घ्यायचे आणि उद्या काही झालेच तर परत उभे राहण्याची तयारीही ठेवायची, एवढेच.

आता बियाणे

पूर्वी शेतकऱ्याच्या घरी खायची जोंधळी कणगीत आणि पेरायची जोंधळी राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून वेगळ्या गाडग्यात असे. कणगीला कीड लागली तर वर्षभराचे हाल, पण गाडगे शाबूत असेल तर पुढचे पीक बुडत नसे. संगणकाच्या भाषेत याला 'बॅकअप' म्हणतात. आपल्या आज्ज्यांना ते न शिकवता येत होते.

आधी निवड करा. संगणकात काय काय आहे ते पाहा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : हे गेले तर पुन्हा मिळेल काय? विंडोज पुन्हा बसवता येते. सिनेमे पुन्हा मिळतात. शेताचा उतारा, मुलांचे जातीचे दाखले कचेरीत पुन्हा निघतात, हेलपाटे पडतील एवढेच. पण मुलीच्या बारशाचे फोटो, आजोबांनी टाइप केलेली घराण्याची हकिगत, गेलेल्या माणसाचा आवाज, हे कोणत्या कचेरीत अर्ज करून मिळणार? हे बियाणे. त्याचे एक फोल्डर करा.

मग जाणकार सांगतात तो तीन-दोन-एकचा नियम पाळा. एकूण प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. एक प्रत संगणकात असतेच. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ही डिस्क काम झाले की काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कलाही विषाणू कुलूप घालतो. गाडगे कणगीतच ठेवले तर वेगळे ठेवल्याचा उपयोग काय? तिसरी प्रत बहिणीच्या घरी, मुलाच्या घरी, हुबळीला, कोल्हापूरला, कुठेही. चोरी, आग आणि पूर एका घरात येतात, दोन गावांत एकदम सहसा येत नाहीत.

"गूगलवर आहे की आमचं सगळं," असे कोणी म्हणेल. असू द्या, चांगलेच आहे. फुकटात १५ जीबीपर्यंत जागा मिळते. पण संगणकाशी जुळवून ठेवलेले फोल्डर हा आरसा असतो. इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच जाते. जुनी आवृत्ती साधारण ३० दिवसांपर्यंत परत मिळवता येते, म्हणजे लक्षात वेळेवर आले पाहिजे. आरशाला गाडगे समजू नका.

आणि शेवटचे, जे सगळे विसरतात. अधूनमधून बियाणे उगवते की नाही ते पाहावे. डिस्क जोडून दोन फोटो उघडा, एक गाणे लावा. घेतलेली प्रत उघडतच नाही, हे नेमके गरजेच्या दिवशी कळण्यासारखे दुःख नाही.

कीड लागलीच तर?

आधी इंटरनेटची वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा आणि जोडलेले पेन ड्राइव्ह, डिस्क ओढून काढा. घाईने फॉरमॅट करू नका. खंडणी भरू नका. पैसे देऊन किल्ली मिळेलच, अशी चोराची हमी कोण घेणार? चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. पैशाची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून किंवा फोनवरून. 'नो मोअर रॅन्सम' नावाचा एक उपक्रम नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली सुरू केला. काही कुलुपांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. सगळ्यांच्या नव्हे. म्हणून कुलूप लागलेल्या फाइलीही एका डिस्कवर काढून जपून ठेवाव्यात. आज नसलेली किल्ली उद्या सापडू शकते.

शहापुरातल्या त्या घरात आम्ही हे सगळे केले. त्यांच्या कुलपाची किल्ली मिळाली नाही. आजोबा म्हणाले, "पैसे देऊन मिळत असंल तर देऊया की. पण मिळंल काय हो?" मी खरे ते सांगितले. संगणक साफ करून पुन्हा उभा केला आणि कुलूपबंद फाइलींची डिस्क कपाटात गेली.

लग्न झाले. चार दिवसांनी हुबळीच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या, की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्पीकरला एक जुना पेन ड्राइव्ह आहे, त्यात अज्जीची पदे आहेत, त्या भाकरी करताना लावतात. कधीतरी ऐकायला म्हणून भाच्यानेच भरून दिला होता. तो आणून पाहिला. चारपैकी दोन कॅसेटी त्यात होत्या. जपायचे म्हणून ठेवलेले गेले आणि ऐकायला म्हणून दुसऱ्या घरी दिलेले उरले. उरलेल्या दोन कॅसेटी अजून त्या कपाटातल्या डिस्कमध्येच आहेत. नातू दर दोन-तीन महिन्यांनी किल्ली आली काय ते पाहतो.

आता त्या घरात ती पदे चार ठिकाणी आहेत, त्यांतले एक धारवाडला विहीणबाईंकडे.

खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. घरच्या संगणकालाही हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. या वेळी फूल वाहण्याआधी ती डिस्क कपाटातून काढा, नवी प्रत घ्या, एखादे जुने गाणे लावून तपासा आणि परत ठेवून द्या. पण खरे सांगायचे तर खंडेनवमीची वाट कशाला पाहायची? येत्या रविवारी दुपारी तासभर काढा. मुलांना शेजारी बसवा. बियाणे कोणते, हे त्यांनाही कळू द्या.

पुढच्या लेखात जुन्या कॅसेटी आणि फोटो संगणकात कसे उतरवायचे ते पाहू. तोवर घरातल्या कॅसेटी टाकू नका.